उभ्या गाडीचा ताप

जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळा. राजधानी कॅनबेराच्या उत्तर भागात 'एक्झिबिशन पार्क' नावाचं प्रदर्शनाचं मैदान आहे. एरवी शनिवारी सकाळी तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो आणि लोक पिशव्या घेऊन भाजी, मध, पाव न्यायला येतात. नव्या वर्षाच्या सुरुवातीला मात्र या मैदानाचा ताबा गाड्या घेतात. 'समरनॅट्स' नावाचा हा मेळा चिक हेन्री या गाडीवेड्या माणसाने सुरू केला, पहिला मेळा १९८८ सालचा. आता तिथे लाखभर माणसं जमतात. रंगकाम बघायला येणारे असतात, जुन्या होल्डन आणि फोर्ड बघायला येणारे असतात, पण गर्दी खरी उसळते ती बर्नआउटला.

काँक्रीटच्या भिंती आणि उंच जाळी यांनी वेढलेला एक चौक. आत एकच गाडी येते. चालक पुढच्या चाकांचे ब्रेक धरून ठेवतो आणि मागच्या चाकांवर इंजिनाची सगळी ताकद सोडतो. चाकं जागच्या जागी फिरू लागतात, रबर जळतं आणि दोन-तीन सेकंदांत गाडी स्वतःच्याच पांढऱ्या धुरात दिसेनाशी होते. मग ती तशीच आडवी-तिडवी, गोल, उलटी फिरते. इंजिन आवर्तनांच्या कमाल मर्यादेला टेकलेलं असतं. मिनिट-दीड मिनिटात मागचे दोन्ही टायर फुटतात आणि लोक उठून उभे राहतात. परीक्षक धूर किती लवकर सुटला, किती दाट होता, किती सलग राहिला आणि गाडी किती ताब्यात होती हे बघतात. भिंतीला घासलं किंवा आग लागली की गुण जातात.

या सगळ्या वेळात गाडीने अंतर म्हणाल तर जवळपास काहीच कापलेलं नसतं. पण तिच्या इंजिनावर या एका मिनिटात जो प्रसंग येतो, तो शर्यतीच्या गाडीवरही सहसा येत नाही. बघ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण वेगाची भीती वाटायची आपल्याला सवय आहे. गाडी भरधाव निघाली की इंजिनाला त्रास आणि थांबली की विश्रांती, असं आपण गृहीत धरतो. ताकदवान गाडीच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटं असतं.

पेट्रोल जळून जी ऊर्जा सुटते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांकडे जातो. तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरवाटे बाहेर पडतो. उरलेला तिसरा हिस्सा इंजिनाच्या भिंतींत शिरतो आणि तो पाणी, तेल आणि हवा यांच्यामार्फत बाहेर काढावा लागतो. रस्त्यावर धावताना चाकांकडे गेलेला हिस्सा हवेला कापण्यात खर्ची पडतो, मैलोन्‌मैल मागे सांडत जातो. बर्नआउटमध्ये तो कुठेच जात नाही. चाकं फिरतात, पण गाडी पुढे जात नाही. म्हणून तीही ऊर्जा टायर आणि डांबर यांच्या घर्षणात उष्णता होऊन तिथेच साठते. टाकीतल्या पेट्रोलच्या जवळजवळ प्रत्येक थेंबाची उष्णता त्याच चौकात, त्याच गाडीभोवती घुटमळत राहते. आणि ती उडवून न्यायला समोरून वारा नसतो.

आकडे मांडून बघण्यासारखे आहेत. पाचशे अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन धरू. समरनॅट्समध्ये हा आकडा बेताचाच समजला जातो. ही ताकद झाली सुमारे ३७० किलोवॅट. पूर्ण रेस दिलेली असताना पाण्यात शिरणारी उष्णता, हात आखडून धरली तरी, सव्वादोनशे किलोवॅटच्या घरात जाते. आपल्याकडचा बाथरूममधला गीझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे शंभरावर गीझर एकाच वेळी, दहा-बारा लिटर पाण्यात. आता ही उष्णता बाहेर काढायला काय आहे? रेडिएटर आणि त्याच्यामागचा विजेचा पंखा. चांगला पंखा सेकंदाला साधारण एक घनमीटर हवा ओढतो. बाहेर पस्तीस अंश तापमान असेल, तर तेवढ्या हवेला पन्नास किलोवॅटच्या आसपास उष्णता वाहून नेता येते. पावणेदोनशे किलोवॅट उरले. ते जातात कुठे? इंजिनाच्या लोखंडात आणि पाण्यात. दोनशे किलो धातू आणि बारा लिटर पाणी मिळून प्रत्येक अंशाला सुमारे १४० किलोज्यूल पचवतात. म्हणजे तापमान सेकंदाला अंशभराहून जास्त वेगाने चढणार. ऐंशी अंशांवर सुरुवात केली तर १२० गाठायला अर्धं-पाऊण मिनिट.

बर्नआउट मिनिट-दीड मिनिटाचं का असतं, याचं उत्तर निम्मं टायरमध्ये आहे आणि निम्मं या गणितात.

गाडी बनवणाऱ्याने वारा हा इंजिनाचाच एक भाग धरलेला असतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीच्या तोंडावर सेकंदाला २८ मीटर वेगाने हवा आदळते. जाळीतून, नळ्यांमधून वाट काढताना तिचा जोर बराच ओसरतो, तरी उरते ती पंख्याच्या हवेपेक्षा जास्त असते, आणि ती फुकट मिळते. म्हणून महामार्गावर पंखा बंदच असतो. सिग्नलला थांबलं की तो सुरू होतो, हे आपण रोज ऐकतो. साधी गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा इंजिन जेमतेम गुरगुरत असतं, उष्णता थोडी असते, पंखा पुरतो. पूर्ण ताकद आणि शून्य वारा ही जोडी सहसा कुणी एकत्र आणत नाही, आणि रचनाकाराने ती हिशेबात धरलेलीही नसते.

प्रयोगशाळेत ती मुद्दाम आणावी लागते. धुराची चाचणी घेताना गाडी रोलरवर उभी करून जागच्या जागी पळवतात. पुण्यात एआरएआयसारख्या संस्थेत असे रोलर आहेत. अशा वेळी गाडीसमोर पंखा ठेवावाच लागतो. अमेरिकेच्या सरकारी चाचणी-नियमांत तर या पंख्याची मर्यादाच लिहिलेली आहे: मिनिटाला ५,३०० घनफूट हवा, म्हणजे सेकंदाला अडीच घनमीटर. आणि ही गाडी शांतपणे शहरात चालवल्यासारखी चालवायची असते. ताकद मोजायला जे गॅरेजवाले गाडी रोलरवर चढवतात, तेही बॉनेट उघडून समोर भलेमोठे ब्लोअर लावतात, काही सेकंदांची एक फेरी मारतात आणि पुढच्या फेरीआधी इंजिन निवायची वाट बघतात. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला मिस्त्री तिथेच थांबवतो.

उभं असताना तापण्याचा हा प्रश्न मोटारींपुरता कधीच नव्हता. दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान आकाशात गार राहायचं आणि जमिनीवर उकळायचं. सुरुवातीच्या स्पिटफायरचा पाण्याचा रेडिएटर उजव्या पंखाखाली होता. प्रोपेलरचा झोत तिथवर नीट पोचायचा नाही, आणि चाकं बाहेर असताना त्या बाजूचा पाय रेडिएटरच्या आड यायचा. वैमानिकाला इंजिन सुरू केल्यावर रेंगाळायची सोय नव्हती. धावपट्टीवर दुसरं विमान आडवं आलं, की काटा लाल रेषेकडे सरकू लागे. हवेत गेलं की प्रश्न मिटला.

फॉर्म्युला वनच्या गाड्यांना आजही रेडिएटरचा पंखा नसतो. पंखा म्हणजे वजन, आणि ताशी तीनशेच्या वेगात त्याचा उपयोग काय? म्हणून सुटण्याच्या रेषेवर उभ्या असलेल्या या गाड्यांच्या कुशीत मेकॅनिक ब्लोअर खुपसून बसलेले दिसतात. ब्लोअरमध्ये कोरडा बर्फ घातलेला असतो. मेकॅनिक बाजूला झाले की गाडी उघडी पडते. शेवटच्या क्षणी कुणाची गाडी बंद पडली आणि प्रारंभ रद्द झाला, तर सगळ्यांना पुन्हा एक फेरी मारायला पाठवतात आणि शर्यतीतली एक फेरी कमी करतात. सगळी इंजिनं उन्हात नुसती उभी ठेवणं परवडणारं नसतं.

याच खेळात एक पंखा मात्र इतिहासात जाऊन बसला. १९७८ साली ब्रॅबहॅम संघाचा रचनाकार गॉर्डन मरे याने आधी बीटी-४६ गाडीतून नेहमीचे रेडिएटर काढून टाकायचा प्रयत्न केला. गाडीच्या अंगावर सपाट पत्रे बसवून त्यांच्यावाटे उष्णता सोडायची, अशी कल्पना होती. ती फसली, गाडी तापू लागली, पुन्हा रेडिएटर आले. मग त्याने गाडीच्या शेपटीला प्रचंड पंखा लावला. नियमांनुसार हवेच्या दाबासाठी हलता भाग वापरायला बंदी होती, पण मरेचं म्हणणं होतं की पंख्याचं मुख्य काम आहे अल्फा रोमिओचं बारा सिलिंडरचं इंजिन गार ठेवणं. निम्म्याहून जास्त हवा रेडिएटरमधूनच जाते, हे मोजून दाखवता येत होतं. त्याच वेळी पंखा गाडीखालची हवाही उपसत होता आणि गाडी रस्त्याला चिकटत होती. मौज अशी की पंखा इंजिनाच्या गतीला जोडलेला होता, गाडीच्या वेगाला नाही. त्यामुळे उभ्या गाडीला रेस दिली, तरी ती स्प्रिंगांवर खाली बसायची. गुपित फुटू नये म्हणून पिटमध्ये मेकॅनिक पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण ठेवत. स्वीडनमधल्या अँडर्सटॉर्पला १७ जून १९७८ रोजी निकी लाउडाने त्या गाडीतून शर्यत जिंकून दाखवली, चौतीस सेकंदांच्या फरकाने. विजय कायम राहिला; पंखा पुन्हा धावला नाही. उभ्या इंजिनाला गार ठेवू शकणारी, एवढ्या विचाराने केलेली ही गाडी एकाच शर्यतीपुरती जगली, याचं वाईट वाटतं.

बर्नआउटवाल्यांकडे मरेइतका पैसा नसतो, पण प्रश्न तोच असतो आणि युक्त्या कमी हुशारीच्या नसतात. ऑस्ट्रेलियात 'यूट' हा गाडीचा लाडका प्रकार आहे: पुढून मोटार, मागून छोटा उघडा हौदा. बर्नआउटच्या अनेक यूटमध्ये रेडिएटर बॉनेटखाली नसतोच. तो मागच्या हौद्यात तिरका बसवलेला असतो, खाली-वर दोन-दोन मोठे पंखे, आणि इंजिनापासून तिथवर गाडीच्या पोटातून नेलेले मनगटाएवढे जाड पाइप. एवढ्या लांब फिरवलेल्या पाण्याचं वजनही उपयोगी पडतं. जितकं पाणी जास्त, तितका तापायला वेळ जास्त. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप काढून विजेवरचा पंप लावतात. मेलबर्नची डेव्हिस क्रेग कंपनी असे पंप बनवते. मिनिटाला ८०, ११५, १५० लिटर असे त्यांचे प्रकार आहेत. विजेच्या पंपाचा खरा गुण इंजिन बंद केल्यावर दिसतो, पण त्याकडे पुढे येऊ.

हौद्यातला रेडिएटर पुढच्यापेक्षा बरा, पण तोही मागच्या चाकांच्या डोक्यावरच असतो. गाडी स्वतःच्याच धुरात फिरते, म्हणजे पंखा गार हवा ओढतच नाही. टायरमधून निघालेली तापलेली, रबराच्या कणांनी भरलेली हवा ओढतो. एका फेरीनंतर रेडिएटरच्या बारीक पात्यांमध्ये रबराची चिकट काळी लव अडकलेली दिसते. पुढच्या फेरीआधी ती पाण्याच्या फवाऱ्याने उलट्या बाजूने धुऊन काढावी लागते, नाहीतर हवा शिरायची अर्धी वाट बंद.

काहीजण इंधनच बदलतात. मिथेनॉल हे अल्कोहोल बाष्प होताना पुष्कळ उष्णता शोषतं, आणि तेवढ्याच हवेबरोबर ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त प्रमाणात घालावं लागतं. दोन्हींचा गुणाकार केला तर सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेला ते पेट्रोलच्या सुमारे सातपट गारवा देतं. ड्रॅग रेसिंगमधल्या टॉप फ्युएल गाड्या याच वाटेने टोकाला गेल्या आहेत. त्यांच्या इंजिनात पाण्याला जागाच नाही, रेडिएटर नाही. नायट्रोमिथेनचा पूर हाच गारवा. चार सेकंदांच्या आत धाव संपते आणि प्रत्येक धावेनंतर इंजिन खोलतात. मिथेनॉलची दुसरी बाजू भयंकर आहे: त्याची ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही. १९८१च्या इंडियानापोलिस शर्यतीत रिक मिअर्सच्या गाडीत इंधन भरताना मिथेनॉल सांडून पेटलं. माणसं हातवारे करत इकडेतिकडे पळत होती आणि बघणाऱ्याला ज्वाळा दिसत नव्हत्या. मिअर्सचा चेहरा भाजला.

पाणी उकळतं म्हणजे नेमकं काय बिघडतं? रेडिएटरची कॅप पाण्यावर दाब ठेवते, त्यामुळे निम्मं पाणी निम्मं कूलंट असं मिश्रण १२५ अंशांपुढेही उकळत नाही. पण हे झालं सरासरी तापमान. इंजिनाच्या हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीमागची भिंत त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते. तिथे पाण्याचे बारीक बुडबुडे आधीपासूनच होत असतात, आणि तोवर ते चांगलंच असतं. बुडबुडा सुटताना उष्णता घेऊन जातो. उष्णता आणखी वाढली की बुडबुडे एकमेकांत मिसळून धातूवर वाफेचा पापुद्रा धरतात. वाफ उष्णता वाहून नेण्यात पाण्यापुढे काहीच नाही. त्या ठिकाणी धातू क्षणात भडकतो. तिथून पुढे सगळं भराभर होतं: तापलेल्या जागेवर पेट्रोल ठिणगीआधीच पेटतं, ठोके पडायला लागतात, ठोक्यांनी उष्णता आणखी वाढते.

याच टप्प्यावर एक फसवी गोष्ट घडते. पाणी बाहेर फेकलं गेलं आणि तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवती नुसती वाफ उरली, की काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. चालकाला वाटतं, निवलं. अनुभवी माणसं म्हणून पाण्याच्या काट्याबरोबर पाण्याचा दाब दाखवणारा काटा आणि थेट हेडच्या धातूत बसवलेला सेन्सर लावतात.

जुन्या व्ही-८ इंजिनांवर ॲल्युमिनियमचं हेड आणि खाली लोखंडी ब्लॉक असा जोड बऱ्याचदा असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. प्रत्येक बर्नआउटला हेड ब्लॉकवर किंचित सरकतं आणि मधलं गॅस्केट रगडलं जातं. एके दिवशी ते दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर फुटतं. आपल्या गॅरेजात 'हेड गॅस्केट उडालं' म्हणतात ते हेच. पाणी सिलिंडरमध्ये, जळता वायू पाण्यात, आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. बर्नआउटच्या मैदानात तर सगळाच धूर पांढरा, त्यामुळे कळतं ते गाडी बाहेर आल्यावर.

ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत आणखी एक जागा तापते, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. एक पाय ब्रेकवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर, गाडी 'ड्राइव्ह'मध्ये: अशा स्थितीत इंजिनाची सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलाला घुसळण्यात जाते. चाकं फिरतच नसल्याने त्या तेलाचं तापमान सेकंदासेकंदाला उडी मारतं. गॅरेजमध्ये हीच चाचणी गिअरबॉक्स तपासायला करतात, आणि दुरुस्तीच्या पुस्तकांत इशारा असतो की पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. शौकीन मंडळी मित्रांना दाखवायला ती पंधरा-वीस सेकंद धरतात. तेल जळून काळं पडतं, आतल्या क्लचप्लेटा सुटतात, आणि बिल काही महिन्यांनी येतं, तेव्हा कारण कुणाला आठवत नाही.

आता न्यूट्रलमधल्या रेसची गोष्ट. हिच्यात इंजिनावर भार नसतो, म्हणून पाणी त्या मानाने कमी तापतं. संकट मागच्या बाजूला जमतं. इंजिन कमाल आवर्तनांना टेकलं की संगणक ठिणगी तोडतो किंवा इंधन तोडतो. फटाके फोडायला सेटिंग बदललेल्या गाड्यांत ठिणगी तोडतात आणि इंधन चालू ठेवतात. ते न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण ४०० ते ८०० अंशांत काम करायला बनवलेला असतो. तिथे कच्चं पेट्रोल जळू लागलं की तापमान हजार अंशांच्या पुढे जातं आणि आतली जाळी वितळू शकते. गाडी धावत असती तर पोटाखालच्या वाऱ्याने पाइप निवले असते. उभ्या गाडीखाली हवा साचून राहते, आणि तापलेला पाइप जवळच्या प्लास्टिकला, वायरला, तेलाच्या थेंबाला भाजत राहतो.

लॅम्बोर्गिनीला हा धडा सगळ्या जगासमोर घ्यावा लागला. फेब्रुवारी २०१७मध्ये कंपनीने २०११पासून बनवलेल्या जवळपास सगळ्या ॲव्हेंटाडोर परत बोलावल्या, सुमारे ५,९०० गाड्या. कारण असं दिलं होतं: टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर पेट्रोलची वाफ नेणाऱ्या यंत्रणेतल्या व्हॉल्व्हपर्यंत द्रवरूप पेट्रोल पोचू शकतं. अशा वेळी उभ्या गाडीला मोठी रेस दिली, तर तापलेल्या एक्झॉस्टशी त्या वाफेची गाठ पडून आग लागू शकते. बाहेरचा सायलेन्सर बसवलेला असेल तर धोका आणखी वाढतो. पूर्ण भरलेली टाकी, उभी गाडी, न्यूट्रलमध्ये रेस. सातशे अश्वशक्तीच्या, बारा सिलिंडरच्या त्या गाडीला सर्वांत धोक्याची कृती होती ती पेट्रोल भरून पंपाबाहेर उभं राहून आवाज ऐकवण्याची.

खरं म्हणजे अतिवेगाच्या गाड्या बनवणाऱ्यांना उष्णतेची जाण सर्वांत आधी येते. २००५ साली आलेल्या बुगाटी व्हेरॉनमध्ये दहा रेडिएटर होते: इंजिनाच्या पाण्याचे, टर्बोच्या हवेचे, तेलाचे, गिअरबॉक्सचे, एसीचे. हजार अश्वशक्ती चाकांना द्यायची तर दोन हजार अश्वशक्तीएवढी उष्णता बाहेर टाकायची सोय करावी लागते, हा हिशेब त्यात उघड दिसतो. पण ते दहाही रेडिएटर मुख्यतः धावत्या गाडीच्या वाऱ्यावर विसंबलेले.

महाराष्ट्रात बर्नआउटची मैदानं नाहीत. लोणावळ्यापुढे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची ड्रॅग स्पर्धा होते. तिथे धाव काही सेकंदांची आणि रांगेतली वाट बराच वेळ उन्हात. जाणकार तिथे गाडी बंद करून ढकलत पुढे नेतात, बॉनेट उघडी ठेवतात. जास्त नुकसान होतं ते गावोगावच्या वरातींत आणि कॉलेजच्या निरोप समारंभांत. हवेवर गार होणाऱ्या बाइकच्या इंजिनाला पंखा नसतो, पाणी नसतं, असतात फक्त अंगावरच्या पात्या. ती स्टँडवर उभी करून पाच-पाच मिनिटं रेस पिळतात, सायलेन्सरमधून बार काढतात. काळोखात एक्झॉस्टचा पाइप लाल झालेला दिसतो आणि लोक मोबाइल काढतात. त्या वेळी आत तेल पातळ होऊन पिस्टनवरून सुटलेलं असतं आणि सिलिंडरला चरे पडत असतात. पोलिस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात, ते कर्कश आवाजासाठी. बाजूला लहान पोरं उभी असतात आणि त्या लाल पाइपापासून पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते, हे कारणही तितकंच मोठं मानायला हवं.

कारण उष्णतेची चूक गाडीपुरती राहत नाही. ३ सप्टेंबर २०१७ रोजी ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, ॲलिस स्प्रिंग्ज इथे 'रेड सेंटरनॅट्स'मध्ये बर्नआउट करणारी एक गाडी पेटली आणि जळतं इंधन कडेच्या प्रेक्षकांवर उडालं. डझनभर माणसं भाजली. तो कार्यक्रम अधिकृत होता, सुरक्षेचे लोक हजर होते. तापलेलं इंजिन, दाबाखालचं इंधन आणि जवळ उभी असलेली गर्दी या तिघांत अंतर हाच भरवशाचा उपाय असतो, आणि गर्दीला नेमकं तेच नको असतं. आयोजकांनी याबाबतीत गर्दीचं ऐकू नये. हवामानापुढेही कधी कधी थांबावं लागतं. ४ जानेवारी २०२० रोजी, समरनॅट्स चालू असताना, कॅनबेराचा पारा ४४ अंशांवर गेला. शहराभोवती वणव्यांचा धूर कोंडला होता. मेळ्याचा शेवटचा दिवस रद्द झाला.

एरवी शेवटच्या फेरीच्या आदल्या रात्री मैदानामागच्या शेडमध्ये दिवे चालू असतात. फेरी संपवून आलेल्या गाडीचं इंजिन बंद करतात तेव्हाच सर्वांत नाजूक मिनिटं सुरू होतात. पट्ट्यावरचा पंप इंजिनाबरोबर थांबतो, पण धातूत कोंडलेली उष्णता थांबत नाही. ती स्थिर पाण्यात शिरते आणि बंद इंजिनात पाणी उकळतं. विजेचा पंप इथे कामाला येतो: किल्ली काढल्यावरही तो आणि पंखे दहा-पंधरा मिनिटं फिरत राहतात. या वेळात कॅपला कुणी हात लावत नाही. दाब सुटला की सव्वाशे अंशांचं पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं, ही गोष्ट घाटात गाडी तापलेल्या आपल्याकडच्या ड्रायव्हरलाही ठाऊक असते.

मग हेड उतरवतात. चिकटलेलं गॅस्केट खरवडून काढतात, पृष्ठभाग पुसून लख्ख करतात. त्यावर पोलादाची सरळ पट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरप्या दिशांना धरतात आणि पट्टीखालून फीलर गेजची पाती सरकवून बघतात. सगळ्यात आधी ०.०५ मिलिमीटरची. ती अडकली तर नवं गॅस्केट, नवे बोल्ट, ठरल्या क्रमाने ठरल्या जोरात आवळायचे, आणि सकाळी गाडी रांगेत. पण ०.१ मिलिमीटरची पाती सहज आरपार गेली, तर हेड वाकलेलं असतं. ते मशीनवर घासून घ्यावं लागतं, आणि रात्री दोन वाजता उघडं मशीन शॉप मिळणं कठीण. बरेच संघ म्हणून दुसरं तयार हेड गाडीबरोबर ट्रेलरमध्ये घालूनच आणतात.